ग्रहणातली विळी

जनीचा राग पालीच्या बाजारापर्यंत ठाऊक होता. तिच्याशी घासाघीस करायला कोळणीसुद्धा कचरायच्या. अहो, रागावणार नाही तर काय करील? थोरल्या बाबूच्या वेळी पोटुशी असताना सूर्यग्रहणात विळीवर बांगडे कापले, एवढाच तिचा गुन्हा. बाबू दोन वर्षांचा झाला आणि त्याच्या डोळ्यात पांढरी चमक दिसू लागली. आत गाठ होती. मुंबईला नेऊन डोळा काढावा लागला. तेव्हापासून तिची सासू गोदा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "हिनं गिरानात इळी धरली, पोराचा डोला कापला."

सत्याऐंशी साली धाकटी कमळा झाली. या खेपेला सासूने जनीला ग्रहणभर जागचं हलू दिलं नव्हतं. त्यामुळे पोर निर्धोक, असं घरात ठरूनच गेलं.

बाबूचा काचेचा डोळा लहान पडू लागला म्हणून जनी त्याला घेऊन मुंबईला गेली. कमळा काखेत. नवरा काशीराम तिथेच गोदीत कामाला. तोही इस्पितळात आला. डॉक्टरीणबाईंनी काशीरामच्या एका डोळ्याची रिकामी खोबण पाहिली. "हा कसा गेला?"

"काजूचा चीक उडाला, लहानपनी. आई सांगते."

"चिकाने डोळा असा मुळासकट जात नाही. हा काढलेला आहे." मग बाईंनी समजावलं. पेशींनी भलतंच वाढत सुटू नये म्हणून शरीरातलं एक जनुक लगाम धरून असतं. ते नुकतंच सापडलंय. या घरात तेच बिघडलेलं, बापाकडून मुलाला आलेलं. "तान्हीचे डोळे आजच तपासू."

काशीराम म्हणाला, "तिला काय व्हनार? हिच्या वक्ताला गिरान पाललंय. आईला इचारून..."

"आईला?" जनी अशी कडाडली की व्हरांडा चिडीचूप झाला. "बाई, तपासा! आत्ताच्या आत्ता!"

कमळाच्या डोळ्यात मोहरीएवढी गाठ निघाली. ती किरणांनी वेळेत जाळली, डोळा वाचला.

जनी घरी आली ती धुमसतच. अंगणातूनच तिने सासूला विचारलं, "ह्यांचा डोला पन पांडरा चमकायचा ना?"

गोदा म्हणाली, "मांजरागत. मग डाक्टरानं काडला."

"मग मला का बोल लावलात?"

"माज्या सासूनं मला लावला व्हता. गिरानात नारल फोडला म्हनून. काजूचा चीक सांगितला, तवा लोकांची तोंडं बंद झाली."

जनीला दया यायला हवी होती. आली नाही. उलट अंगाची लाहीलाही झाली. स्वतः जन्मभर सोसलं, आणि तेच उचलून सुनेच्या माथी मारलं!

पुढचं सूर्यग्रहण लागलं तेव्हा अख्खी वाडी दारं लावून बसली. जनीने दार सताड उघडलं, कमळाला मांडीवर घेतलं आणि बांगड्यांची पाटी सासूपुढे सरकवली.

"कापा."

 गोदाने विळी पुढ्यात ओढली आणि पाटावर पाय ठेवला.