हात न लावण्याची अट

आईला तेल्हाऱ्याहून अमरावतीला आणलं तेव्हा मी तिला एकच अट घातली. लेकीला हात लावायचा नाही. लेक चार वर्षांची. नवरा धारणीला नोकरीवर, यायचा तो शनिवारी. माझी नोकरी अकोल्याची. सकाळी साताला घर सोडायचं आणि संध्याकाळी सातालाच परत यायचं. मधले बारा तास पोरगी आईच्या ताब्यात.

ताब्यात हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझ्या लहानपणी आईचा हात फार चटकन उठायचा. दूध सांडलं, चापट. उलट बोलले, चापट. रडले, तर रडल्याबद्दल आणखी एक. त्यानं मी शिस्तीची झाले असं ती चारचौघांत सांगते. शिस्तीची कसली, मी खोटं बोलण्यात पटाईत झाले.

"नाई लावत मी हात," आई म्हणाली. "तुयं लेकरू, तुया कायदा."

इतक्या सहज कबूल झाली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पंधरा दिवसांत पोरगी सुधारली. दोडक्याची भाजी पाहून तोंड फिरवणारी पोर मुकाट्यानं जेवायला लागली. चपला ओळीत, खेळणी टोपलीत. शेजारणी कौतुक करायच्या. चार वर्षांचं पोर आपणहून इतकं शहाणं होत नाही. त्याला कुणीतरी करतं.

आंघोळ घालताना मी तिचं अंग तपासायला लागले. दंड, पाठ, मांड्या. वळ म्हणून नाही. मग आडून आडून चौकशी सुरू केली.

"आजी रागावते का गं?"

"नाई."

"मारते?"

"मले नाई मारत." पोरगी तेवढ्या दिवसांत वऱ्हाडी बोलायला लागली होती. 

आईनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. भाकरी थापता थापता म्हणाली, "झाली का झडती?"

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई घरी शिवणकाम करते. एके दिवशी ब्लाउज आणायला तिच्याकडे गेले, तर तिनं मशीन थांबवलं. "ताई, बुरा मत मानना. दुपारी तुमच्या घरातून थप्पडचा आवाज येते. पन बच्ची रोती नाही."

रडत नाही! म्हणजे रडायचं नाही हेही शिकवून झालं होतं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणालाही न सांगता अकोल्याहून निघाले. आईला काय काय सुनवायचं त्याची गाडीत बसून उजळणी केली. तिला परत तेल्हाऱ्याला पाठवायचं ठरवलं. मग पोरीला कोण सांभाळणार, नोकरीचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तरी ठरवलं.

घरी पोचल्यावर दार न वाजवता मागच्या अंगणात गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी चोरासारखी उभी राहिले. स्वतःच्या आईवर पाळत ठेवताना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. आत पोरगी जेवत होती. तिनं वरणभाताची ताटली ढकलली आणि भात फरशीभर झाला. आईचा हात वर गेला. तो हात मी ओळखते, आधी कोपर मागे जातं. चाळिशीला आलेली बाई मी, पण माझी मान आपोआप खाली गेली.

चापट वाजली. वर पाहिलं, तर आईनं ती स्वतःच्याच गालावर मारली होती. मग दुसऱ्या गालावर आणखी एक. पोरगी चुपचाप खाली बसून एकेक शीत वेचायला लागली.

मी आत गेले. पाठ केलेलं सगळं विसरले. "आई, हे काय? काहून?"

ती दचकली, पण ओशाळली नाही. "लेकराले हात नको लावू म्हनलं तू. नाई लावला. पन हात उठते वं. उठला का कुठी ना कुठी पडाले पायजे. पयले तुयावर पडे."

मला गलबलून आलं. इतक्या वर्षांत तिनं एवढंसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. तिचे गाल लाल झाले होते. त्यांना हात लावावा असं वाटत होतं, तेवढ्यात ती थोडी तोऱ्यातच म्हणाली, "आन् आयकते बी लेकरू त्यानं. एका झटक्यात."

म्हणजे तिला ठाऊक होतं. अट पाळली होती आणि कामही साधून घेतलं होतं. तिची कीव करावी की तिच्यावर चिडावं हे मला कळेना, म्हणून मी चिडले.

"उद्यापासून हेही बंद."

"मंग तूच सांग, काय करू?"

मी खाली बसून पोरीबरोबर उरलेली शितं वेचायला लागले.

संध्याकाळी मी ऑफिसचे कागद पसरून चहा घेत बसले होते. पोरगी धावत आली, कप लवंडला, कागद भिजले. मी ओरडले. फक्त ओरडले, हात मांडीवरच होते. ती थबकली. माझ्या हातांकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली, चांगली जोरात.

"आनखी एक?" तिनं मला विचारलं.

आई आणि मी एकदमच उठलो, तिला जवळ घ्यायला. आम्हा दोघींचे हात आपल्याकडे येताना पाहून तिनं डोळे गच्च मिटले.