मागे भोवरा न सोडणारी नौका

अण्णा बोरवणकरांपुढे पाण्याचे फुलपात्र ठेवले की ते आधी त्यात बोट फिरवीत. पाणी गरगरे, मध्ये खळी पडे आणि ती विरेपर्यंत अण्णा तिच्याकडे तुच्छतेने पाहत. मग "फुकट!" म्हणत आणि पीत. दुसऱ्यांच्या घरीही हेच. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, चिडत. "निदान पानावर बसल्यावर तरी तो शब्द नको!"

त्या एका शब्दात त्यांचे सारे शास्त्र होते. गोदीतल्या कारखान्यात साहेबांचे नकाशे उतरवून काढणे ही त्यांची नोकरी आणि पाण्याखालून चालणारी नौका हे त्यांचे वेड. परदेशात तसे प्रयोग चालल्याचे त्यांनी वाचले होते. गिरगावच्या चाळीत मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. ऐकून घेणारा मी एकटाच.

"पाण्याखाली कोळसा पेटत नाही, मास्तर. पोटात साठवून नेलं तेवढंच बळ. ते उधळून कसं चालेल? या आगबोटींचे पंखे बघा, नुसतं पाणी घुसळतात. ताक करायचंय की काय? पंखा मोठा हवा, सावकाश फिरणारा. पुष्कळ पाणी घ्यावं आणि हळूच मागे सारावं. मागे भोवरा राहिला की समजावं, तेवढं बळ वाया गेलं."

माणसांनाही ते हेच माप लावीत. वाचनालयात एखाद्याचे व्याख्यान टाळ्यांच्या गजरात संपले की माझ्या कानाशी लागत, "भोवरा दांडगा. पण जागचा हलला का?"

नौकेचा नमुना त्यांनी सागवानाचा केला. आत घड्याळाची स्प्रिंग बसवली. पितळी पंखा मात्र कितीतरी वेळा बदलला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ते कानशीने पाती घाशीत. वहिनी आतून म्हणत, "पोळीत पितळ लागलं तर मला विचारू नका."

अखेर एका रावबहादुरांनी शब्द दिला. भायखळ्याला त्यांची बाग होती आणि बागेत तळे. नौकेने पाण्याखालून ते तळे ओलांडले, तर माणूस बसेल एवढी मोठी नौका ते बांधून देणार होते. अण्णांच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नव्हती. ते आठवडाभर नीट जेवले नाहीत.

त्या दिवशी निम्मे गिरगाव पगड्या घालून तळ्याकाठी जमले. रावबहादुरांनी नारळ वाढवला, नौकेला हळदकुंकू वाहिले. अण्णांनी चावी दिली आणि नौका सोडली. ती डुबकन खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

मंडळी टाचा उंचावून फेस कुठे उसळतो ते पाहू लागली. पाणी थरथरलेही नाही.

"बुडाली हो!" कुणीतरी म्हणाले.

"गणपती गेले! पुढच्या वर्षी लवकर या, अण्णा!" दुसरा ओरडला, आणि काठ हसला.

रावबहादुरांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, बोरवणकर." मग त्यांनी खूण केली आणि गडी अत्तरगुलाब घेऊन फिरू लागले. आपल्याकडे मनगटाला अत्तर लागले की समारंभ संपला. त्यानंतर बसून राहणे शिष्टाचाराला धरून नाही. सगळ्यांनी तळ्याकडे पाठ फिरवली. डोळ्यांपेक्षा अत्तरावर विश्वास ठेवणारी माणसे!

तेवढ्यात समोरच्या काठाच्या पायरीपाशी सागवानी नाक वर आले आणि दगडाला हलकेच टेकले.

"अण्णा, हाक मारा त्यांना!"

"कशाला?" अण्णांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "भोवरा दिसला नाही म्हणून बुडाली म्हणतात. याहून मोठी पावती कोणती? ज्यांना फेस बघायचाय त्यांनी धोबीघाटावर जावं."

मीच धावलो. रावबहादुर बंगल्याच्या पायऱ्या चढत होते. "मास्तर, मैत्री असावी तर अशी," ते कौतुकाने म्हणाले. "पण बुडालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली. गड्यांनी काढली असेल वर."

परत आलो तेव्हा अण्णा उपरण्याने नौका पुसत होते. कोरडी झालेली पाती पुन्हा पुन्हा पुसत होते.

प्लेगच्या पहिल्या साथीत अण्णा गेले. खोली धुऊन चुना मारायला आलेल्या सरकारी माणसांनी अंथरुणाबरोबर नौकाही जाळली. साथ ओसरल्यावर वाचनालयात शोकसभा भरली आणि अध्यक्षस्थानी, अर्थातच, रावबहादुर. "आमच्या डोळ्यांदेखत त्यांची नौका बुडाली," ते गहिवरून म्हणाले, "पण त्यांचा धीर बुडाला नाही!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

मी उभा राहिलो. "बुडाली नव्हती. पलीकडे लागली होती."

"बसा हो मास्तर," मागून कुणीतरी उपरणे ओढले. "गेलेल्या माणसासाठी वाद कसला घालता?"

सभेहून तसाच वहिनींकडे गेलो. त्यांनी पाण्याचे फुलपात्र पुढे ठेवले आणि विचारले, "काय काय बोलले?" मी सारे सांगितले, रावबहादुरांचा गहिवर, टाळ्या, सगळे. त्या माझ्यामागे भिंतीवरच्या नव्या चुन्याकडे पाहत ऐकत होत्या.

"फुकट," त्या म्हणाल्या.