उजवा पाय

वेगात गाडी पकडली की पुढं काय होतं, हे आमच्या कोल्हापुरात कुणालाही विचारा. कागदं बघतात, पडद्यावर फोटो दाखवतात, मोबाईलवर चलन येतं, सारखं सारखं सापडलात तर लायसन्स जातं. कुणाला फोन लावला असता तर सुटला असता, हा सल्ला तर फुकटच मिळतो. आमचं चलन मी त्याच संध्याकाळी भरून टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

मे महिना होता. नृसिंहवाडीला जाऊन आम्ही परत येत होतो. गाडी माझ्या नावावर, पण चालवायला आबा, म्हणजे माझे वडील. मी त्यांच्या शेजारी, आई मागं बासुंदीचा डबा मांडीवर धरून. आबा गाडीत असताना स्टेअरिंगला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवला. कोल्हापुरात गूळ भरायचा आणि गुजरात गाठायचं. एवढ्या वर्षांत आपल्या गाडीनं कुणाला साधं खरचटलं नाही, हे ते लग्नात, बारशात, मयतालासुद्धा ऐकवायचे. आम्ही हसायचो, पण खोटं नव्हतं ते.

चप्पल काढून चालवायचं ही त्यांची ट्रकवरची सवय. चप्पल बाजूला सरकवून अनवाणी पाय पेडलवर ठेवायचा. "तळपायाला कळाय पायजे गाडी काय म्हणतीया," असं म्हणायचे. वेगाच्या काट्याकडं बघून चालवणाऱ्यांची टर उडवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली, तीही अनवाणी. आबांची सगळी अब्रू त्या उजव्या पायात होती.

त्या दिवशी हातकणंगल्याच्या पुढं रस्ता मोकळा लागला आणि गाडी सुटली. मी म्हटलं, "आबा, हळू."

"हळूच हाय की."

काटा मला दिसत होता. मी परत म्हटलं तर चिडले. "मला शिकवतीस व्हय?" त्यांच्या नादाला लागायचं म्हणजे उरलेला दिवस त्यातच घालवायचा.

थोडं पुढं झाडाच्या सावलीत पोलिसांची गाडी स्पीडगन लावून उभी होती. एका तरुण हवालदारानं हात केला. आबांनी गाडी कडेला घेतली आणि मी काही बोलायच्या आत दार उघडून तरातरा त्याच्याकडं निघाले.

"पावणं, कागदं दावा," हवालदार म्हणाला.

"दावतो की. पर आधी तुमचं मशीन तपासून घ्या. मी हळू हुतो."

कागदं घेऊन मी मागोमाग गेले. हवालदारानं आम्हाला पडद्यावरचा फोटो दाखवला. गाडी आमची, नंबर आमचा, खाली वेग लिहिलेला. त्यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. आबा मात्र मानायला तयार नव्हते. मशीन खोटं, फोटो खोटा, असं करत आवाज चढत गेला. मला वाटलं, म्हातारा अब्रूसाठी रेटून बोलतोय. ते मनापासून बोलत होते, हे मला नंतर कळलं.

ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. माझ्या चपलेच्या तळातून झळ लागत होती. हवालदार चलन करता करता थांबला आणि आबांच्या पायांकडं बघत राहिला.

"काका, पाय भाजत न्हाईत व्हय?"

आबांनी खाली बघितलं. चप्पल गाडीतच राहिली होती. एवढा वेळ ते तापल्या डांबरावर अनवाणी उभे राहून भांडत होते. आपलेच पाय, पण ते त्यांच्याकडं परक्याचे असल्यासारखे बघत होते. मग एकदम त्यांनी एक पाय उचलला, तो टेकवून दुसरा उचलला.

"भाजतंय की," म्हणाले. "लई भाजतंय." आणि उड्या मारत सावलीत गेले.

माझे वडील नाटक करत होते, आणि त्यांना ते जमत नव्हतं. हवालदाराच्याही ते लक्षात आलं असावं. त्यानं पुढं वाद घातला नाही. कागदं माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "ताई, हितनं पुढं गाडी तुम्ही घ्या."

मी चालवत आणली. आबा डाव्या बाजूला बसून खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्याकडून गिअर खरखरला तरी बोलले नाहीत. मागून आई विचारत होती, "किती घेतलं? सोडा म्हणून सांगायचं न्हाई व्हय?"

घरी पोचेपर्यंत दोन्ही तळपायांना फोड आले होते, उजव्याला जास्त. आई हळद आणायला धावली. मी मात्र त्यांच्यासमोर उभी राहिले. "कधीपासनं कळत नाही पायाला?"

"झालं की बरंच दिस."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर किल्ली काढून घेतली असतीस."

त्याच पायानं ते माझ्या मुलीला रोज शाळेत सोडायचे. मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही. बापाला बोलू नये असं सगळं मी त्यांना बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि त्यामुळं मी आणखी बोलत गेले. किल्ली तर मी कपाटात कुलूपबंदच करून टाकली.

साखर त्यांना फार वर्षांची. गोळ्या घ्यायचे आणि वर गुळाचा चहाही प्यायचे. डॉक्टर म्हणाले, पायाच्या नसा गेल्यात. डावा पाय भरून आला. उजवा चिघळला. एक दिवसाआड मी त्यांना दवाखान्यात ड्रेसिंगला न्यायला लागले. नर्सनं पट्टी सोडायला घेतली की आबा "आई गं" म्हणून कण्हायचे. पहिल्या वेळी मला बरं वाटलं. मग लक्षात आलं, ते नर्सच्या हाताकडं बघून कण्हत होते आणि कधीकधी तिचा हात लागायच्या आधीच कण्हत होते. दुखतंय म्हटलं की पाय वाचेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी नर्सला काही बोलले नाही.

पावसाळा लागला तोवर बोटं काळी पडली होती. नुसती बोटं काढून भागेल की घोट्याच्या वरून पाय जाईल, हे बघायला डॉक्टर ड्रेसिंगच्या खोलीत आले. त्यांनी जखम बघितली, नाडी बघितली. मग म्हणाले, "डोळे मिटा काका. मी बोटाला हात लावतो, कुठल्या ते सांगा."

आबांनी डोळे घट्ट मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. ट्रक मागं घेतानासुद्धा मी त्यांना एवढं लक्ष लावताना बघितलं नव्हतं.

"अंगठा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी करंगळी धरली होती. त्यांनी ती सोडली, हात काढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं.

"आता करंगळी," आबा म्हणाले. "आता मधलं. आता परत अंगठा."

आबांनी थोडी वाट बघितली. डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मला विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर हाय, आबा," मी म्हणाले.