चावीकाकांनी दिलेली हमी

बाजारात जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेत चावीकाका तीस वर्षं कुलपं-चाव्या करत होते. चावी करायला आलेल्या माणसाला ते आधी पन्नास प्रश्न विचारत. "चावी करायला आलोय की जबानी द्यायला?" असं गिऱ्हाईक वैतागलं, तरी उत्तर मिळेपर्यंत काका कानस हातात घेत नसत.

एक दिवस कॉलेजच्या मॅडम सगळ्या दुकानदारांना भेटायला आल्या. मुलांना धंदा सुरू करायला शिकवणारा उपक्रम होता. "एकेका दुकानानं एकेक विद्यार्थी घ्या. बसायला जागा द्या, हत्यारं हाताळू द्या, गिऱ्हाइकांशी बोलू द्या," मॅडम म्हणाल्या. बऱ्याच जणांनी भिंतीवर फलक लावू दिला आणि हात झटकले. काकांनी मात्र आपलं अर्धं बाकडं रिकामं करून दिलं.

त्या बाकड्यावर शेवटच्या वर्षाची एक मुलगी येऊन बसली. बोलायला कमी, बघायला तिखट. तिची कल्पना अशी, की लोकांनी घराच्या चावीचा फोटो, नाव-पत्त्यासह, तिच्याकडे जपून ठेवायला द्यायचा. चावी हरवली की फोटोवरून नवी करून मिळणार.

काकांच्या मनात पाल चुकचुकली. पण पोरगी हुशार होती, आणि त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्यांनी जीव ओतून शिकवलं. चावीचे दात कसे मोजायचे, कुठली खाच किती खोल, कोरी चावी कुठे घासायची. दोन महिन्यांत ती नुसत्या फोटोवरून अशी चावी करायला लागली, की कुलूप लोण्यासारखं उघडायचं.

गिऱ्हाइकं फोटो द्यायला कचरत होती. "घराचा पत्ता कशाला हवा हो?" असं विचारत. काकांनी सर्वांत आधी आपल्याच घराची चावी तिच्यापुढे ठेवली. "द्या बिनधास्त. काही झालं तर माझ्याकडे या."

त्यांच्या शब्दावर दोनशे सहा जणांनी चाव्यांचे फोटो दिले. कॉलेजात मुलीला पहिला नंबर मिळाला, सत्कार झाला, आणि ती दुकानात यायची थांबली.

दोन महिन्यांनी बाजारातल्याच एक शिंपीणबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. भरदुपारी घर धुऊन नेलं होतं. काकांनी जाऊन कुलूप खोललं, आतला भाग भिंगाखाली धरला. ओरखडा नाही, ठोकल्याची खूण नाही. चावीनंच उघडलं होतं. पुढच्या आठवड्यात आणखी एक घर, तसंच. दोन्ही नावं त्या दोनशे सहांत होती.

काकांनी मुलीला गाठलं.

"ते सगळे फोटो पुसून टाक. आत्ता, माझ्यासमोर."

"ते माझ्याकडे नाहीत, काका. एका कंपनीनं सगळंच विकत घेतलं."

"कुठली कंपनी? कुठे असते?"

"फोनवरच बोलणं झालं. आता तो नंबर लागत नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं आपल्याकडे उरलेली नाव-पत्त्यांची यादी छापून काकांच्या हातात दिली. मॅडमनी हात वर केले. चौकीवर तक्रार लिहून घेतली, पण साहेब म्हणाले, "तपास होईल तेव्हा होईल."

काकांनी दुकान बंद केलं. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते दारोदार कुलपं बदलत फिरू लागले. काही जणांनी तोंडावर शिव्या घातल्या. एकानं दार उघडलंच नाही. काका खाली मान घालून पुढच्या पत्त्यावर जात. स्वतःच्या घराचं कुलूप त्यांनी अजून बदललं नव्हतं, बायको रोज विचारायची, ते म्हणायचे, "आधी लोकांची."

चौथ्या दिवशी ते एकसष्टाव्या दारात पोचले. तिथे एक आजी एकट्याच राहत होत्या; लेक गावातच दिलेली होती. त्यांनी हसून दार उघडलं.

"पुन्हा कशाला आलात? काल तुमचा माणूस येऊन कुलूप बदलून गेला की! गुणी हो. कोण कधी येतं-जातं, सगळं विचारलं."

काकांकडे कुणी माणूस नव्हता. त्यांनी दाराकडे पाहिलं. कुलूप नवंकोरं होतं.

"आजी, चाव्या किती दिल्या त्यानं?"

"एकच. दुसरी म्हणे आणून देतो आज."

काकांनी आत येऊन दाराची कडी लावली. "लेकीला फोन करा. म्हणावं, आत्ताच न्यायला ये," ते हळूच म्हणाले, आणि जमिनीवर बसून पिशवीतून पेचकस काढला. पहिला स्क्रू ढिला होईपर्यंत जिन्यात कुणाची तरी पावलं वाजायला लागली होती.