माझ्या परकराचा तुकडा

निजामाच्या राजवटीत लग्न होऊन मी लिंबागणेशला आले, तो माझा सासरचा पहिला हिवाळा. मामंजींना बीडच्या पिंजाऱ्याकडची कापसाची रजई हवी होती. सासूबाई म्हणाल्या, "रजईत आपल्या घरचं काय ऱ्हातंय? वाकळच शिवायची."

म्हणून वाकळा शिवणारी एक बाई आली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अंगणात जुनी कापडं पसरून ती त्यांच्यावरच बसायची, सुई अंबाड्यात खोचायची आणि स्वतःच्याच बोलण्यावर मांडीवर थाप मारून हसायची. सासूबाईंचं लुगडं, मामंजींचं धोतर, ह्यांचा सदरा असं सगळं चाचपून तिनं विचारलं, "सूनबाईचं कापड कुटंय?"

"तिचं समदं नवंच हाय," सासूबाई म्हणाल्या.

"मग तिला ऊब कशी लागंल? ती काय पाव्हणी हाय व्हय?"

मी पेटीच्या तळाशी लपवलेला माहेरचा विटका तांबडा परकर घाबरतच आणून दिला. बाईनं त्याचा तुकडा वरच्या काठाला, माझ्या बाजूला लावला. वाकळ उपाशी राहू नये म्हणून शेवटी कोपऱ्यात माझ्या हातच्या भाकरीचा तुकडा शिवला आणि हसत निघून गेली.

बाप्ये जवारीच्या राखणीला गेले, की आम्ही सासूसुना ती वाकळ पांघरायचो. एका पहाटे चूल पेटवायला उठले, तर वाकळ उलटी फिरवलेली. माझा तांबडा तुकडा सासूबाईंच्या गळ्याशी होता. मी वाकळ सरळ करायला गेले, तशा डोळे न उघडताच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. इकडूनच लई ऊब लागती."