दारातली जागा

हळदीच्या गोदामात सुपरवायझर झालो, तेव्हा अधिकार आणि अक्कल एकाच दिवशी मिळतात, असा माझा समज होता.

आमच्याकडे डझनभर बाया खाली बसून वाळलेली हळकुंडं निवडत. भुकटी उडते म्हणून पंखा बंद. डोंगरकडा गावाहून येणाऱ्या मावशी त्यांच्यात सगळ्यांत जाणत्या. हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून आत ओल आहे का ते सांगायच्या. अशी बाई ऐन थंडीत दारातल्या वाऱ्यात बसते, हे मला बघवेना. मी जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून जागा ठरवल्या आणि मावशींना सन्मानानं आत, माझ्या टेबलाशेजारी आणलं. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. मला ते कौतुक वाटलं.

मग मावशींना घाम फुटू लागला. सकाळच्या गारठ्यात कपाळ निथळायचं, पदरानं वारा घेत त्या सारख्या नळावर जायच्या. हा माझा धाक, असं मी ठरवलं. मनातून सुखावलोही. तरी मोठ्या मनानं म्हणालो, मावशी, मला एवढं भ्यायचं नाही. अख्खं गोदाम पदरात तोंड घालून हसलं.

शनिवारी मावशींनी काम सोडत असल्याचं सांगितलं. मी पुन्हा धीर द्यायला लागलो, तेव्हा त्यांचा संयम संपला.

"तुमाला कोण भ्यायलं, साहेब? पाळी जायचं वय हाय माझं. अंगातून वाफा निघून राहिल्या. म्हणून तर दारात बसत होते."

मग कळलं, ती जागा बायांनीच राखलेली होती. जिचं हे वय येईल तिनं दारात बसायचं, ती नळावर गेली की शेजारणीनं तिचं सूप आपल्यापुढं ओढून निवडायचं. मावशींच्या आधी तिथं दुसरी होती. ना अर्ज, ना ठराव. काम कधी अडलं नाही. एवढी शहाणी व्यवस्था मी मूठभर चुन्यानं मोडली होती.

रविवारी मावशींच्या घरी गेलो. जागा परत देतो म्हणालो. त्यांनी फक्त चहा दिला.

सोमवारी सगळ्यांच्या आधी पोचून दाराशी पाण्याचा माठ ठेवला आणि ओल्या फडक्यानं रेघा पुसायला बसलो. हळदीत चुना आणि वर पाणी! जमीन, हात, पँटचे गुडघे, सगळं कुंकवासारखं लाल.

दारात सावली पडली. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"हळदीच्या गोदामात चुना कोण आणतं, साहेब?"

एवढं बोलून त्या दारात बसल्या, सूप ओढलं आणि एक हळकुंड मोडलं.


"ओल हाय," म्हणाल्या.