पद्माकर काकांचा इलाज

पद्माकर काका हाडांचे डॉक्टर. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या मराठी घरांत मात्र ते सगळ्याच रोगांचे डॉक्टर होते. त्यांना फोन न करता जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाणं म्हणजे त्यांचा अपमान, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. तपासायचा त्रास ते घेत नसत. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत निदान झालेलं असे. माणूस वाईट नव्हे. निरुपयोगी म्हणायला हरकत नाही.

२००६च्या सप्टेंबरात अतुलने बायकोसाठी त्यांना फोन केला. मीनलच्या अंगावरून पांढरं जात होतं आणि त्याला माशासारखा वास येत होता. असलं काही बाईने काकांशी बोलायचं नसतं, म्हणून अतुल बोलला. आणि त्यालाही लाज वाटली, म्हणून ‘खाली जरा इन्फेक्शन आहे’ एवढंच बोलला. काकांना तेवढं पुरलं.

“स्वच्छता ठेवायला सांग. पाण्यात जंतुनाशक घालून आतूनही धुवायचं. आणि केमिस्टकडून यीस्टचं, म्हणजे बुरशीवरचं, क्रीम आण.”

मीनल येता-जाता धुवू लागली. वास वाढला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती दाराशी उभी राहू लागली, घरात वेगळ्या खोलीत झोपू लागली. अतुलने पुन्हा विचारलं तेव्हा, ती नीट धूत नसेल, असं काका म्हणाले. नवऱ्याला आता आपली किळस येते, अशी मीनलची खात्री झाली. तिने माहेरी, नागपूरला जायच्या तिकिटाची चौकशी केली.

तिकीट काढायच्या आधी मात्र ती काकांना न सांगता जीपीकडे गेली. तिथल्या डॉक्टर बाईंनी आधी प्रश्न विचारले, मग तपासलं, कापसाच्या काडीने स्रावाचा नमुना घेतला. बॅक्टेरियल व्हजायनोसिस निघालं: योनीतले उपयोगी जंतू कमी होऊन दुसरे वाढले होते. घाणीचा संबंध नव्हता. उलट त्या धुण्यानेच बिघडत गेलं होतं. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या, जंतुनाशक बंद केलं, पुन्हा झालं तर लगेच या म्हणाल्या. वास गेला. अतुलला सांगितलं तेव्हा कळलं, मीनलच आपल्याला टाळतेय असं त्याला वाटत होतं.

संक्रांतीच्या तिळगुळाला मीनल सोफ्यावर सगळ्यांच्या मधोमध बसली. काकांनी भर हॉलमध्ये विचारलं, “काय, स्वच्छता ठेवली नि बरं वाटलं ना?”

“काका, तुमच्या स्वच्छतेनेच वाढलं होतं, माझ्या डॉक्टरने तपासून सांगितलं. एकदा मला विचारायचं होतंत.”

काका हसले, आणि शेजारी बसलेल्या सुप्रभाबाईंना त्यांच्या छातीतल्या धडधडीचं निदान सांगू लागले. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मीनलकडे वळून विचारलं, “तुझी ती डॉक्टर कुठं बसते गं?”